निवडुंगाच्या माळावरील कारखाना

लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांमध्ये रूढ होती. बेळगावच्या एका लहानशा कारखान्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तयार केलेले पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, त्याचे एक कारण ही समजूत होय. उद्योगाने समाजाचे ऋण फेडावे कसे, हा प्रश्न अलीकडे बहुधा देणग्यांच्या अंगाने विचारला जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर मोठ्या कंपन्यांसाठी नफ्याच्या दोन टक्क्यांचे मापच ठरवून दिले. परंतु नफा आधी आणि समाज मागाहून, हा क्रम लक्ष्मणरावांच्या चरित्रात आढळत नाही. ज्या सहा नांगरांनी नफा मिळवून दिला नाही, तेथूनच त्यांच्या लोकोपयोगाचा हिशेब मांडावा लागतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या उमेदीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील भेद आपल्याला ओळखता येत नाही, हे ध्यानी येताच तो मार्ग खुंटला. मग यंत्ररेखन शिकून त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत अध्यापन केले. तेथे त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास बढती देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. पण त्यांचे मन विक्रीपेक्षा घडणीत रमत होते.

कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले यशस्वी उत्पादन. त्यानंतर नांगर आला. लाकडी नांगर जमीन उकरतो, ती उलथीत नाही. हरळी-कुंद्याची मुळे खालच्या थरात जिवंत राहतात आणि पुढल्या पावसात पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराचे सामर्थ्य नेमके येथे होते. तथापि विलायती नमुना जशाचा तसा ओतून चालणार नव्हते. येथली जमीन निराळी, येथले बैल निराळे. फाळ लवकर झिजला तर शेतकऱ्याचा पैसा बुडणार आणि त्याची समजूतही खरी ठरणार. लक्ष्मणराव दोष शोधीत आणि दुरुस्त करीत राहिले. गिऱ्हाइकाच्या अज्ञानाला हसणे सोपे होते. पण ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याचा संशय हा मूर्खपणा नव्हे, हे त्यांनी ओळखले होते असे म्हणावे लागते.

नांगराचा जम बसू लागला, तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. या आपत्तीत औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा आणि भांडवलासाठी कर्ज दिले. कुंडल रोड स्थानकाजवळचा तो बत्तीस एकरांचा माळ म्हणजे निवडुंग, साप आणि पाण्याचा दुष्काळ. १९१० साली रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे आणि कामगारांची मोजकी कुटुंबे तेथे आली. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीचे काम देण्यात आले. गावोगाव ज्यांना दारात कोणी उभे करीत नसे, त्यांच्या हाती वसाहतीची रात्र सोपविली गेली. अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. ज्या काळी शहरांतील सुधारक या विषयावर व्याख्याने देत होते, त्या काळी एका माळावर तो रोजच्या वहिवाटीचा भाग करण्याचा प्रयत्न चालला होता.

या व्यवस्थेचा दुसरा पैलू झाकून ठेवणे मात्र योग्य नव्हे. जेथे घर, नोकरी आणि गावचा कारभार एकाच हातातून येतो, तेथे नाराज कामगाराने दाद कोणाकडे मागावी? मालक सज्जन होता, म्हणून हा प्रश्न तीव्र झाला नाही. सज्जनपणा ही काही कामगाराच्या हक्काची हमी नव्हे, आणि किर्लोस्करवाडीचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी बहुधा एवढीच गोष्ट विसरून घरे बांधली.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा संस्थानिकांच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले. १९२० मध्ये धंद्याला मर्यादित कंपनीचे रूप मिळाले. त्याच वर्षी निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघरी पोहोचले. उसाचे चरक आले, पंप आले, आणि विहिरीचे पाणी मोटेवाचून वर येऊ लागले.

जानेवारी १९४८ अखेर महात्मा गांधींचा खून झाला. त्यानंतर उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली. जेथे जातिभेद मोडण्याचा प्रयत्न झाला, त्याच जागी मालकाची जात पाहून भट्ट्या आणि कोठारे पेटविली गेली. चार दशकांत कारखान्याने परिसराला जे दिले, ते त्या दिवशी त्याच्या रक्षणास पुरले नाही. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखान्याची पुन्हा उभारणी झाली, काम सुरू झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्या माळावर पंप आजही तयार होतात.