औंधचे कै. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

व्यायामाचा उपदेश करणारे पुष्कळ आढळतात. परंतु तो प्रथम स्वतः आचरून मग मुलांना सांगणारे विरळाच. अशा विरळा पुरुषांत औंध संस्थानचे अधिपती कै. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची गणना करावी लागेल. आपल्या ज्ञातीतील पालकांना व विद्यार्थ्यांना त्यांच्या चरित्राचा अल्प परिचय करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

श्रीमंतांचा जन्म दि. २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. चित्रकला व कीर्तन यांत ते रमत असत. शरीरसंपदेची आवड मात्र या सर्वांहून प्रबळ होती. १८९७ साली त्यांनी सँडो या जगप्रसिद्ध पहिलवानाचे पुस्तक व साधने आणवून त्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे मेहनत केली. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेचे श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि वयाच्या सत्तरीतही त्यांचा तो नेम चालू होता.

१९०९ साली ते गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, उत्पन्नही बेताचेच. तथापि सूर्यनमस्काराला ना मोठे मैदान लागते, ना महाग साहित्य. एका सतरंजीएवढी जागा पुरते, आणि हातपाय, पाठ, पोट व श्वास या सर्वांना एकाच वेळी व्यायाम घडतो. म्हणून त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून मुलांना व मुलींना सूर्यनमस्कार शिकविण्याची व्यवस्था केली. त्या काळी मुलींनाही व्यायाम हवा, हा विचार धाडसाचाच होता.

परंतु त्यांचे खरे मोठेपण याच्याही पुढचे आहे. हुकूम शाळेच्या फाटकापर्यंतच चालतो. घरी मुलाची सवय घडते ती वडीलधाऱ्यांकडे पाहून. श्रीमंत स्वतः, त्यांच्या राणीसाहेब व मुलेही नमस्कार घालीत असत. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेथेही या विषयाचे कुतूहल जागे झाले. आणि १९३८ साली त्यांचे सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. दि. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले व दि. १३ एप्रिल १९५१ रोजी श्रीमंतांनी देह ठेवला. संस्थान गेले, नमस्कार मात्र घरोघरी उरले.

हे चरित्र लिहिताना प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. शिक्षक असताना मी मुलांना उन्हात कवायतीस उभे करीत असे आणि स्वतः लिंबाच्या सावलीत शिट्टी घेऊन बसत असे. तास संपला की मुलांचा व्यायामही संपे. त्यांतील एकाने तरी तो घरी केला असेल, असे मला वाटत नाही. दोष मुलांचा नव्हता. त्यांनी मला बसलेलेच पाहिले होते.

आज आमच्या इस्लापूरसारख्या गावीही मूल शाळेतून शिकवणीला जाते व तेथून मोबाइलकडे. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा आहे, भोवती रान आहे. पण पायी हिंडणारी मुले कमी दिसतात. आपण दरवर्षी टक्केवारी पाहून मुलांचा गुणगौरव करतो, ते योग्यच आहे. त्यासोबत प्रत्येक पालकाने सायंकाळी अर्धा तास मुलाबरोबर अंगणात उतरावे. नमस्कार घालावेत, हुतुतू खेळावे, नाहीतर शिवारापर्यंत चालून यावे. मुलाला जा म्हणू नये, चल म्हणावे. श्रीमंतांच्या चरित्राचा बोध तो एवढाच.