पोस्टमन झाला पोलीसप्रमुख!

पोलीस भरती म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? मैदान, धावणं, गोळाफेक. बरोबर ना? पण पोलिसाने कॉलेजचीही पायरी चढावी, असा हट्ट शंभरेक वर्षांपूर्वी एकाने धरला होता. गंमत म्हणजे तो स्वतः कधी कॉलेजात गेला नव्हता. त्याचं नाव ऑगस्ट व्होल्मर.

जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तो घरोघर टपाल वाटायचा. १९०४ मध्ये एक सुटलेला मालडबा थेट उभ्या प्रवासी गाडीवर चालून येत होता. या पठ्ठ्याने त्यावर उडी मारली, ब्रेक लावला आणि माणसं वाचवली. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याला गावच्या पोलिसांचा प्रमुख म्हणून निवडून दिलं. वय अवघं २९!

त्याने शिपायांना सायकली दिल्या, १९०८ मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली आणि १९१६ पासून विद्यापीठात पोलिसांचे वर्ग सुरू केले. कॉलेजची पोरं भरती केली, तेव्हा लोकांनी टिंगल केली. त्यातल्याच पीएचडीवाल्या जॉन लार्सनने १९२१ मध्ये खोटं पकडायचं यंत्र बनवलं.

पण एकच शहर सुधारून भागणार होतं का? चोराने वेस ओलांडली की त्याची नोंद मागेच राहायची. म्हणून व्होल्मर राज्यभरातल्या गुन्हेगारांची ओळख एका जागी ठेवणाऱ्या कार्यालयासाठी झटला. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला.

सगळीकडे त्याला यश आलं असं मात्र नाही. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसचं पोलीस दल सुधारायला तो गेला आणि तिथल्या भ्रष्टाचारापुढे वर्षभरात परतला. तरी एका गोष्टीवर तो ठाम राहिला : मारहाण करून कबुली मिळते, सत्य मिळेलच असं नाही. थर्ड डिग्रीला त्याचा कायम विरोध होता. पुरावा शोधायला डोकं लागतं आणि डोक्याला शिक्षण लागतं, हे त्याचं साधं गणित.

पुढे हाच पोस्टमन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९५५ मध्ये तो गेला.

तुमच्यातलं कुणी उद्या पीएसआय होईल. कोठडीतला संशयित तोंड उघडत नसेल, वरून तपासाची घाई असेल. तेव्हा हात काठीकडे जाईल की पुराव्याकडे? विचार आत्ताच करून ठेवा.