काशिनाथ त्र्यंबक तेलंग

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (जन्म : ३० ऑगस्ट १८५०, मुंबई, मृत्यू : १ सप्टेंबर १८९३, मुंबई) हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, संस्कृत पंडित, प्राच्यविद्या संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होते. भगवद्‌गीतेचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. हिंदू धर्मशास्त्र आणि ब्रिटिश न्यायपद्धती या दोन्हींवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. उच्च न्यायालयाने एकदा दिलेला निर्णय पुढील निर्णयांना कसा आकार देतो आणि मूळ ग्रंथांचा अर्थ वेगळा लावणाऱ्या विद्वान न्यायाधीशालाही तो कसा अडवतो, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या न्यायालयीन कारकिर्दीचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

बालपण आणि शिक्षण

तेलंगांचा जन्म मुंबईतील एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले व त्यांचेच नाव काशिनाथांच्या नावापुढे लागले. दत्तकविधान हा त्या काळच्या हिंदू कायद्यातील सर्वांत वादग्रस्त विषयांपैकी एक होता. त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेज येथे झाले. एम.ए. व एलएल.बी. या पदव्या मिळवल्यानंतर त्यांनी काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये फेलो म्हणून काम केले. संस्कृतची गोडी त्यांना विद्यार्थिदशेतच लागली होती व ती त्यांनी अखेरपर्यंत जोपासली.

वकिली व्यवसाय

१८७२ मध्ये अॅडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण होऊन तेलंग मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करू लागले. या शाखेत तेव्हा युरोपीय बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. हिंदू वारसा, वाटणी, दत्तक, स्त्रीधन यांविषयीच्या दाव्यांत युरोपीय वकिलांना भाषांतरांवर अवलंबून राहावे लागे. तेलंग मात्र मिताक्षरा, व्यवहारमयूख यांसारखे ग्रंथ मुळातून वाचून त्यांतील आधार न्यायालयापुढे ठेवत. इंग्रजीवरील त्यांचे प्रभुत्वही असामान्य होते. त्यामुळे अल्पावधीतच त्यांचा व्यवसाय उत्तम चालू लागला. सरकारी नोकरीची संधी चालून आली असता ती त्यांनी नाकारली.

पूर्वनिर्णयांची व्यवस्था

तेलंगांच्या कार्याचे स्वरूप कळण्यासाठी त्या काळची न्यायव्यवस्था थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज ऑगस्ट १८६२ मध्ये सुरू झाले. निर्णय छापून प्रसिद्ध करण्याची पद्धत रुळली आणि १८७५ च्या कायद्यानंतर इंडियन लॉ रिपोर्ट्स ही अधिकृत मालिका निघू लागली. निर्णय छापील स्वरूपात सर्वत्र पोहोचू लागल्यामुळे रत्नागिरी वा साताऱ्याच्या न्यायालयापुढेही वकील तोच निर्णय दाखवू लागले.

या व्यवस्थेत निर्णयांची उतरंड ठरलेली असते. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या अधिकारक्षेत्रातील सर्व कनिष्ठ न्यायालयांवर बंधनकारक असतो. उच्च न्यायालयातही एकट्या न्यायाधीशाला दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाचा निर्णय मानावा लागतो आणि खंडपीठाला पूर्णपीठाचा. एका उच्च न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या उच्च न्यायालयावर बंधनकारक नसतो, तो केवळ मार्गदर्शक ठरतो. त्या काळी या सर्वांवर लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. निर्णयातील प्रत्येक वाक्य बंधनकारक नसते. ज्या तत्त्वावर दाव्याचा निकाल लागला, तेवढेच तत्त्व पुढे बांधून ठेवते. म्हणूनच आपल्या दाव्यातील वस्तुस्थिती निराळी आहे, सबब जुना निर्णय येथे लागू होत नाही, असे दाखवणे हे वकिलाचे मोठे कसब मानले जाते.

हिंदू कायद्याच्या बाबतीत या व्यवस्थेचा परिणाम अधिक खोल झाला. पूर्वी शास्त्री ग्रंथांचा अर्थ सांगत, तेव्हा देश, काल व रूढी यांनुसार त्यात फरक पडण्यास वाव असे. न्यायालयाने एक अर्थ स्वीकारून तो छापला की तो अर्थच कायदा होऊन बसे. १८६८ मध्ये मदुरेच्या जिल्हाधिकाऱ्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरवले की, एखादा सिद्धान्त प्राचीन स्मृतींतून योग्य रीतीने निघतो की नाही हे पाहणे न्यायाधीशाचे काम नव्हे. त्या प्रदेशातील संप्रदायाने तो स्वीकारला आहे की नाही, एवढेच त्याने पाहावे. रूढी स्पष्टपणे सिद्ध झाल्यास ती लिखित वचनापेक्षाही श्रेष्ठ मानावी, असेही त्याच निर्णयात ठरले. यातील पहिला भाग न्यायाधीशाला मर्यादा घालणारा होता, तर दुसरा त्याला मोकळीक देणारा. तेलंगांचे न्यायदानाचे काम या दोहोंच्या दरम्यान झाले.

रखमाबाई खटला

रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये तेलंग होते. बालपणी लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी कधीही न नांदलेल्या रखमाबाईंवर पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. या प्रकारच्या दाव्याचे मूळ इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत होते आणि ते दावे एकत्र नांदून विभक्त झालेल्या जोडप्यांसाठी होते. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार, असा त्यांचा विचार होता. अशा परिस्थितीत दावा मान्य करायला भाग पाडणारा पूर्वनिर्णय त्यांना आढळला नाही.

१८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्या पीठाने अपिलात हा निकाल फिरवला. हिंदू विवाह विधी पूर्ण होताच बंधनकारक होतो, त्यामुळे सहवास घडला होता की नाही हा भेद त्यांनी ग्राह्य धरला नाही. दावा पुन्हा सुनावणीस गेला, तेव्हा न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे वेगळा मार्ग उरला नव्हता. अपील पीठाने घालून दिलेल्या नियमानुसार, रखमाबाईंनी पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश त्यांनी मार्च १८८७ मध्ये दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. अशा दाव्यातील कारावासाची तरतूद मात्र १८२३ नव्हे, तर तब्बल साडेतीन दशकांनी, १९२३ मध्ये कायदेमंडळाने दूर केली. एका पीठाने बंद केलेली वाट न्यायालयाबाहेरून उघडावी लागली.

न्यायाधीशपद

न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर १८८९ मध्ये तेलंगांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आत होते. हिंदू कायद्यावरील त्यांचे निर्णय पुढे प्रमाण मानले गेले.

मुंबई इलाख्यात विज्ञानेश्वरांची मिताक्षरा आणि नीळकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हे दोन ग्रंथ प्रमुख मानले जात. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाला अग्रमान होता, तर इतरत्र सामान्यतः मिताक्षरेला. या दोन ग्रंथांत शक्य तेथे विरोध न मानता, वाजवी असेल तितका मेळ घालून अर्थ लावावा, अशी भूमिका तेलंगांनी घेतली. आधीचे निर्णय न मोडता कायद्यात सुसंगती आणण्याचा हा मार्ग होता व पुढील न्यायाधीशांनी त्याचा आधार घेतला.

आपाजी नरहर दाव्यातील भिन्नमत

तेलंगांच्या कारकिर्दीतील सर्वांत अभ्यासनीय निर्णय आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या दाव्यातील आहे. तो इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या १६ व्या खंडात छापलेला आहे. पूर्णपीठापुढील प्रश्न असा होता : पिता जर आपल्या पित्याशी किंवा भावांशी एकत्र असेल, तर पित्याची संमती नसताना पुत्र वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागू शकतो काय?

मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, याविषयी वाद नव्हता. तो हक्क वाटणी मागण्यापर्यंत जातो का, हा वादाचा मुद्दा होता. पित्याच्या संमतीवाचून पुत्राला अशी वाटणी मागता येणार नाही, असे बहुमताने ठरले. तेलंगांनी भिन्नमत नोंदवले. जन्मसिद्ध हक्कासंबंधीची वचने मुळातून तपासून पुत्राला वाटणीचा अधिकार आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

भिन्नमत कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी ते बंधनकारक नसते. निर्णय पूर्णपीठाचा असल्यामुळे मुंबई इलाख्यातील प्रत्येक कनिष्ठ न्यायालयाला आणि उच्च न्यायालयातील लहान पीठांनाही बहुमताचाच नियम लागू करणे भाग होते. अलाहाबाद व मद्रास येथील उच्च न्यायालयांवर तो बंधनकारक नव्हता. तेथे पुत्राचा अधिकार मान्य झाला. परिणामी एकाच मिताक्षरेखाली, एकाच नात्याच्या दोन पुत्रांना, केवळ वेगळ्या इलाख्यात राहत असल्यामुळे वेगळा न्याय मिळू लागला. एकत्र कुटुंबात पटत नसलेल्या आणि पित्याची संमती न मिळालेल्या मुंबई इलाख्यातील तरुणाला आपला हिस्सा मागण्यासाठी न्यायालयाचे दार बंद झाले. हा नियम अनेक दशके टिकला. हिंदू कायद्यावरील ग्रंथांत तो मुंबईचा अपवाद म्हणून दिला जातो आणि त्यासोबत तेलंगांच्या भिन्नमताचाही उल्लेख येतो.

या निर्णयाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. नियम निश्चित झाल्यामुळे मिळकतीचे व्यवहार करणाऱ्यांना व कर्ज देणाऱ्यांना कोणाचा हक्क कोठवर आहे याचा अंदाज बांधता येऊ लागला. न्यायाधीश बदलला म्हणून निकाल बदलू नये, ही पूर्वनिर्णयाच्या तत्त्वामागील मुख्य भूमिका आहे. स्थैर्याचा हा लाभ आणि चुकीचा अर्थ कायम होण्याचा धोका हे दोन्ही एकाच तत्त्वातून निर्माण होतात.

सार्वजनिक कार्य

फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह तेलंगांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या कामात त्यांचा वाटा होता. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला आणि १८८४ मध्ये मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. ही दोन्ही पदे त्यापूर्वी कोणत्याही भारतीयाला मिळाली नव्हती.

सामाजिक प्रश्नांत ते मवाळ सुधारक होते. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. स्वतःच्या मुलीचे लग्न त्यांनी लहान वयात केले, यावरून मात्र त्यांच्यावर टीका झाली.

ग्रंथसंपदा

रामायण होमरच्या काव्यावरून रचले गेले असावे, या जर्मन पंडित वेबर यांच्या मताचे तेलंगांनी १८७३ मध्ये खंडन केले. भर्तृहरीची नीतिशतक व वैराग्यशतक आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस यांच्या चिकित्सक आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेसाठी त्यांनी केलेले भगवद्‌गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचे गद्य इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा लेख न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात समाविष्ट आहे. लेसिंगच्या नाटकाचे शहाणा नेथन हे मराठी भाषांतरही त्यांनी केले.

निधन व मूल्यमापन

वयाच्या ४३ व्या वर्षी मुंबईत तेलंगांचे निधन झाले. उच्च न्यायालयातील त्यांच्या रिक्त जागी रानडे यांची नेमणूक झाली.

तेलंग केवळ चार वर्षे न्यायाधीश होते. ज्या प्रश्नांवर आधीचे निर्णय नव्हते किंवा संदिग्ध होते, तेथे त्यांचे विवेचन पुढील न्यायाधीशांना मार्गदर्शक ठरले. जेथे बहुमत विरुद्ध गेले तेथे त्यांचे मत केवळ नोंदीत राहिले. मात्र छापील निर्णयसंग्रहात भिन्नमतही जतन होते. बंधनकारक निर्णयाशेजारीच त्यावरचा आक्षेप वाचायला मिळत असल्यामुळे, तो नियम पुन्हा तपासू इच्छिणाऱ्या वकिलाला, मोठ्या पीठाला किंवा कायदेमंडळाला विचाराची सामग्री आयती उपलब्ध होते. विधी अभ्यासकांच्या दृष्टीने तेलंगांचे महत्त्व त्यांच्या मान्य झालेल्या निर्णयांइतकेच या अमान्य झालेल्या मतामुळेही आहे.