शेळीचे दूध आणि एक आजारपण

१९१८च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना आमांश झाला. सणाची गोड लापशी आणि मूग पोटभर खाल्ले, आणि तासाभरात पोट बिघडले. २४ तासांत ३०-४० वेळा शौच. औषध मात्र घ्यायचे नाही, हा हट्ट. पुढे केळकर नावाच्या एका मराठी गृहस्थांनी अंगाला बर्फ लावून त्यांना चार पावले चालते केले.

मग हवापालटासाठी माथेरान. तिथले पाणी जड. गुदद्वाराला चिरा पडलेल्या. शौचाच्या यातनांच्या धास्तीने जेवणच नकोसे झाले. आठवड्याच्या आत त्यांनी माथेरान सोडले.

मुंबईत डॉ. दलालांनी बजावले, दुधावाचून अंग भरणार नाही. दूध न घेण्याचे तर व्रत! खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली: व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, शेळीच्या नव्हे. गांधीजी नमले. १९१९च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. व्रताचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही खंत मात्र त्यांना जन्मभर राहिली.

बरे होत असतानाच त्यांनी रौलट समितीचा अहवाल वाचला. ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला. त्यामागे एका बायकोने केलेली शुश्रूषाही होती, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.