खानसाहेबांचे वर्ध्यातील दिवस

सरहद्द गांधी खान अब्दुल गफ्फार खान (१८९०–१९८८) हजारीबागच्या तुरुंगातून ऑगस्ट १९३४ मध्ये सुटले, पण घरी जाऊ शकले नाहीत. सरहद्द प्रांत आणि पंजाब, दोन्हींची दारे सरकारने त्यांना बंद केली. उतमानझईला १९२१ साली स्वतः काढलेली शाळासुद्धा डोळ्यांनी पाहणे नशिबी नव्हते. जवळजवळ तीन वर्षांच्या कैदेनंतर हे सोसणे सोपे का होते?

जमनालालजी बजाजांनी खानसाहेबांना व त्यांचे वडीलबंधू डॉ. खानसाहेब यांना वर्ध्यास बोलावून घेतले. परमुलखात छप्पर मिळाले, मायेची माणसे मिळाली. खानसाहेबांनी ते शुक्रगुजारीने स्वीकारले, असेच त्यांच्या वागण्यावरून म्हणावे लागते. विलायतेत असलेली लेक मेहरताज हिला त्यांनी येथे आणवून कन्या आश्रमात शिकावयास ठेवले. सतत तुरुंगवास भोगणाऱ्या बापाला लेकीचा सहवास असा कितीसा लाभणार! त्याच सुमारास काँग्रेसचे अध्यक्षपद चालून आले, ते त्यांनी नाकारले. बंगालच्या खेड्यांत जाऊन काम करण्याचा त्यांचा बेत होता.

७ डिसेंबर १९३४ रोजी पोलीस वर्ध्यास येऊन दाखल झाले. मुंबईतील एका भाषणाबद्दल खानसाहेबांना दोन वर्षांची सजा झाली. मेहरताज वर्ध्यातच राहिली.