निळ्या बुगाटीमुळं जेआरडी टाटा पोलिसांच्या लफड्यात अडकले आणि त्यातूनच त्यांचं लग्न जमलं

नागपूरकरांना टाटा म्हटलं की एम्प्रेस मिल आठवते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली. पण याच घराण्यातला एक पोरगा फ्रेंच गाडीपायी वेडा होता, हे फारसं कुणाला माहिती नसतं.

व्हिंटेज गाड्यांची रॅली नागपुरात असो की मुंबईत, जुनी बुगाटी आली की गर्दी तिकडेच वळते. पुढे घोड्याच्या नालेसारखी जाळी, हलकं अंग आणि फ्रान्सच्या रेसिंगचा तो निळा रंग. शर्यतीत पळणारी गाडीच रस्त्यावर उतरल्यासारखी वाटते.

१९२० च्या दशकात मुंबईत अशीच एक निळी बुगाटी फिरायची. तिला मडगार्ड नव्हते. चालवणारे होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. भारतात गाडी चालवणारी पहिली महिला म्हणून सुझान यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे स्टिअरिंगचं वेड घरातूनच आलेलं.

सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलोला जायचं. तिथं शेजारी होते लुई ब्लेरिओ, १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे. पंधराव्या वर्षी जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले आणि पायलट व्हायचं तेव्हाच ठरलं.

वयाच्या विशीत ते फ्रेंच सैन्यात वर्षभर होते. त्यांना तिथंच राहायचं होतं, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. त्यानंतर थोड्याच काळात त्यांची तुकडी मोरोक्कोच्या लढाईत मारली गेली. वडिलांच्या त्या हट्टामुळं जेआरडी वाचले.

१९२५ मध्ये ते बिनपगारी उमेदवार म्हणून टाटांकडे लागले. पुढच्याच वर्षी वडील गेले. आई त्याआधीच १९२३ मध्ये गेली होती. बाविशीच्या आसपास घराची जबाबदारी अंगावर आली, पण वेगाचं वेड काही कमी झालं नाही.

आणि झालं असं की, बुगाटी प्रकरणात पोलिसांचं लफडं मागं लागलं. सल्ल्यासाठी ते वकील जॅक विकाजींकडे गेले. तिथं त्यांना भेटली वकीलसाहेबांची पुतणी थेलमा, म्हणजे थेली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं.

तोवर रस्ता त्यांना अपुरा पडू लागला होता. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांनी भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळवलं. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वही सोडलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते स्वतः विमान उडवत मुंबईत जुहूला उतरले. आजच्या एअर इंडियाची ती सुरुवात.

१९३८ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. गंमत बघा, बुगाटी पळवणाऱ्या या माणसाच्या काळात टेल्को उभी राहिली ती १९४५ मध्ये रेल्वे इंजिनांसाठी आणि १९५४ पासून ट्रकसाठी. वेग त्यांची हौस होती, पण देशाला तेव्हा ओझं वाहणाऱ्या गाड्या हव्या होत्या. टाटांची इंडिका आली १९९८ मध्ये. ती बघायला जेआरडी नव्हते.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले. त्यांना दफन केलं गेलं ते मात्र पॅरिसच्या पेर लाशेज कब्रस्तानात, जन्मगावीच.