घटक ४ : साने गुरुजी आणि कुमारांच्या कादंबरीची मोडलेली चौकट

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण कुमारवाङ्मयाची सर्वसाधारण लक्षणे पाहिली. कुमारवयीन वाचकासाठी लिहिलेल्या कादंबरीचा नायक बहुधा धाडसी असतो. तो घर सोडून बाहेर पडतो, संकटांना तोंड देतो आणि शेवटी यशस्वी होऊन परततो. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' (१८८३) या कादंबरीतील मुलगा खजिन्याच्या शोधात समुद्रावर जातो, हे या रचनेचे ठळक उदाहरण आहे. मराठीत पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच वाटेवरचा, आपल्या मातीतला आणि लोकप्रिय नायक ठरला.

या चौकटीत न बसणारे एक पुस्तक आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ते इतके परिचयाचे आहे की त्याचे वेगळेपण आपल्या लक्षात येत नाही. ते पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. या घटकात आपण त्याच्या लेखकाचे चरित्र पाहणार आहोत. चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनाशी ठेवा : लहान मुलांवर इतके प्रेम करणाऱ्या या लेखकाने त्यांच्या हाती कर्ज, अपमान आणि मृत्यू यांची गोष्ट का दिली असेल?

४.२ बालपण आणि शिक्षण

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. एकेकाळी त्याला वैभव होते. पण पांडुरंगाला कळू लागले तेव्हा ते ओसरत चालले होते. वडील सदाशिवराव यांच्यावर कर्जाचा बोजा वाढला आणि घरातील सुबत्ता हळूहळू नाहीशी झाली. आई यशोदाबाई यांनी ही घसरण सोसत मुलांना वाढवले.

पुढील शिक्षणासाठी पांडुरंगाला दापोली, औंध आणि पुणे असा प्रवास करावा लागला. परक्या गावी दुसऱ्यांच्या आधाराने राहणे आणि अर्धपोटी शिकणे त्याच्या वाट्याला आले. १९१७ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा तो शिक्षणासाठी घरापासून दूर होता. आईच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो, ही जाणीव त्याला आयुष्यभर पुरली. त्यानंतर १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला आणि १९२२ मध्ये पुण्याहून बी. ए. झाला.

आपण स्वतः घर, नोकरी किंवा शेती सांभाळून शिकत आहात. शिक्षणासाठी घरच्या माणसांनी दिलेली किंमत म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. साने गुरुजींच्या लेखनाचा उगम त्या किमतीच्या जाणिवेत आहे.

४.३ अमळनेर : शिक्षक आणि वसतिगृह

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेर येथे गेले. १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. येथेच पांडुरंग साने यांचे 'साने गुरुजी' झाले. मुलांची अंथरुणे नीट घडी करून ठेवणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते न सांगता करीत. एकदा त्यांनी केलेले काम पाहिले की दुसऱ्या दिवशी मुले ते आपण होऊन करू लागत. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक चालवीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले.

हा काळ अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गुरुजींचा वाचक त्यांना पुस्तकाच्या दुकानात भेटला नाही, तो वसतिगृहात भेटला. घरापासून दूर आलेला, आईच्या आठवणीने रात्री रडणारा आणि दिवसा ते लपवणारा बारा ते अठरा वर्षांचा मुलगा त्यांनी जवळून पाहिला होता. या मुलाला संकटे नवी नसतात, त्याला हवा असतो ती बोलून दाखवणारा कोणी तरी, हे त्यांनी तेथे ओळखले असावे.

४.४ तुरुंगातील लेखन

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. पुढील काही वर्षे तुरुंगाच्या आतबाहेर गेली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्याला उपलब्ध आहे.

त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात असताना, १९३३ च्या फेब्रुवारीत, त्यांनी 'श्यामची आई' चा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसा तुरुंगातले काम आणि उरलेल्या वेळात लेखन, असा तो क्रम होता. हाताशी संदर्भ नव्हते, ग्रंथ नव्हते; होती ती केवळ आठवण. या पुस्तकाची बोलल्यासारखी भाषा आणि एकामागून एक येणाऱ्या प्रसंगांची रचना समजून घेताना ही परिस्थिती ध्यानात घ्यावी.

४.५ मोडलेले संकेत

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'श्यामची आई' मध्ये कुमारकादंबरीचे चार संकेत मोडलेले दिसतात.

पहिला संकेत नायकाचा. श्याम शूर नाही. पाण्याची भीती वाटते म्हणून तो लपून बसतो आणि आईच त्याला शिमटीचा मार देऊन पोहायला धाडते. पुस्तकांच्या ओढीने तो पैशांची चोरीही करतो. आपल्या उणिवा तो स्वतःच सांगतो. बोधकथेत वाईट मुलगा नेहमी दुसरा कोणी तरी असतो. येथे तो सांगणाराच आहे. त्यामुळे वाचकाला न्यायाधीश होता येत नाही.

दुसरा संकेत घराचा. साहसकथेत घर मागे पडते आणि खरी कथा बाहेर घडते. येथे सर्व काही घरातच घडते. मीठ घालायचे राहिलेली भाजी, उमलण्याआधीच तोडलेल्या कळ्या, दारात लाकडांची मोळी उचलू न शकणारी दलित वृद्धा, हे या कादंबरीतील 'थरारक' प्रसंग होत. त्या वृद्धेच्या डोक्यावर मोळी चढवायला आई श्यामला पाठवते. त्या काळच्या ब्राह्मण घरात अशी कृती समुद्रावरील साहसापेक्षा कमी धाडसाची नव्हती.

तिसरा संकेत शेवटाचा. येथे गेलेले वैभव परत येत नाही. कर्ज फिटत नाही, जप्ती टळत नाही, आई वाचत नाही आणि श्याम वेळेवर पोहोचत नाही. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड' मध्येही बालपणातील हाल आहेत. पण तो नायक पुढे नामवंत लेखक होतो आणि त्या हालांची जणू भरपाई होते. गुरुजी वाचकाला अशी भरपाई देत नाहीत.

चौथा संकेत रूपाचा. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची रचना आहे. प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. कीर्तन आणि घरातील गोष्ट सांगण्याची परंपरा यांच्याशी हे रूप जवळचे आहे. हे आत्मचरित्र मानावे, कादंबरी मानावी की कथामाला, यावर मतभेद आहेत. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूने आपली कहाणी स्वतः सांगितली होती. परंतु तेथे वाचक प्रौढ होता. गुरुजींनी आत्मनिवेदनाचे हे सामर्थ्य कुमारवाचकाच्या हाती दिले.

४.६ एक आक्षेप

या पुस्तकावर भावविवशतेचा आक्षेप घेतला जातो. त्यात अश्रू फार आहेत आणि आईचे चित्र त्यागमूर्तीसारखे रंगवले आहे, असे म्हटले जाते. अभ्यासक म्हणून हा आक्षेप आपण टाळू नये. अश्रू आहेत, हे मान्य करावे लागेल. काही ठिकाणी प्रसंग स्वतः बोलत असतानाही निवेदक बोलत राहतो, हेही खरे आहे. मात्र आईचे चित्र पुन्हा वाचून पाहावे. ती मारते, रागावते, वसुलीला आलेल्या माणसाच्या अपमानकारक बोलण्याला ताडकन उत्तर देते. दारिद्र्याचा तिला अभिमान वाटत नाही, ते तिला जाळते. ही स्त्री केवळ सोसणारी नाही.

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर येथे राहणारा विद्यार्थी हे पुस्तक वाचतो तेव्हा काय घडते, याचा विचार करा. कोकणातील खोती, नारळी-पोफळीची आगरे, तेथील बोली हे सर्व त्याला दूरचे वाटेल. त्याच्या भोवती संत्र्यांच्या बागा आहेत, कापसाची वावरे आहेत, औद्योगिक वसाहतीतील पाळ्या आहेत. पण सावकार दाराशी आला की घरातील माणसांचे आवाज का बदलतात, हे समजण्यासाठी त्याला टीप लागणार नाही. एका गावाची खरी गोष्ट दुसऱ्या गावाला कळते ती अशी. आक्षेपाचे काही उत्तर येथे सापडते : भावनेचा अतिरेक असला, तरी तिच्या मुळाशी असलेला व्यवहार अचूक आहे.

४.७ अखेरची वर्षे

गुरुजींनी पुढेही विपुल लेखन केले. 'धडपडणारी मुले' ही कादंबरी, श्यामच्या पुढील आयुष्याची कहाणी, 'भारतीय संस्कृती' हा ग्रंथ ही त्यांतील काही नावे. लेखनातील मोळीचा प्रसंग त्यांनी जीवनातही पुढे नेला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, यासाठी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली.

गांधीजींच्या हत्येचा त्यांच्या मनावर खोल आघात झाला होता. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. शालेय पाठांत ही घटना बहुधा वगळली जाते. आपण ती वगळू नये आणि तिच्यावरून त्यांच्या साहित्याचा निकालही लावू नये. वाचकापासून दुःख न लपवणाऱ्या लेखकाचे चरित्र सांगताना त्याचे दुःख लपवणे योग्य ठरणार नाही.

त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' वर चित्रपट काढला आणि त्याला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

४.८ समारोप

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. गुरुजींनी मुलांना दुःखाची गोष्ट का दिली? वसतिगृहातील अनुभवाने त्यांना कळले होते की घरातील कर्ज आणि आजारपण मुलांना आधीच ठाऊक असते. मोठी माणसे त्याविषयी बोलत नाहीत, एवढेच. त्यांनी मुलांच्या समजुतीवर विश्वास ठेवला. या कादंबरीत मोठे होणे म्हणजे घर सोडून काही जिंकून आणणे नाही. आपल्यासाठी कोणी काय सोसले, ते उशिरा का होईना ओळखणे म्हणजे मोठे होणे. कुमारकादंबरीच्या रूढ चौकटीला त्यांनी दिलेला सर्वांत मोठा छेद हाच आहे.

स्वाध्याय

१. 'श्यामची आई' हे आत्मचरित्र आहे की कादंबरी? निवेदनपद्धतीच्या आधारे आपले मत मांडा.

२. 'श्यामची आई' मधील शेवट आणि साहसकथेतील शेवट यांतील फरक स्पष्ट करा.

३. भावविवशतेच्या आक्षेपाला पुष्टी देणारा एक प्रसंग आणि त्याला छेद देणारा एक प्रसंग निवडून चर्चा करा.

४. आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तिच्या बालपणीचा एक प्रसंग ऐका. तो तिच्याच बोलीत, बोध न जोडता, एका पानात लिहा.